खुब्याचं ऑपरेशन आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हाडांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांचे नातेवाईक मला रोज भेटतात. वॉर्डाच्या दारात थांबवून, घरी गेल्यावर फोन करून, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. रुग्णाला किडनीचा, हृदयाचा किंवा गिळण्याचा त्रास असेल, तर आधी प्रश्न १४ आणि १६ वाचा आणि मगच बाकीची उत्तरं लागू करा.

१. हाड डॉक्टर जोडणारच आहेत. मग खाण्याला एवढं महत्त्व कशासाठी?

रॉड, प्लेट किंवा बदललेला बॉल हाडाला आधार देतो. पण त्या पायावर उभं राहायला स्नायू लागतात, आणि उतारवयात अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू फार झपाट्यानं जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ १ किलो स्नायू कमी झाला. त्यांना ना जखम होती, ना वेदना. आपल्या रुग्णाला तर हाड मोडल्याचा आणि ऑपरेशनचा दुहेरी मार बसलेला असतो. अशा वेळी शरीर जखम भरायला लागणारी प्रथिनं स्वतःच्याच स्नायूंमधून काढून घेतं. बाहेरून प्रथिनं मिळाली नाहीत, तर टाके भरतात पण माणूस उभा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. यातले बरेच जण पडण्याआधीच खंगलेले असतात. बांगडी सैल झालेली असते, पातळ ढिलं होत असतं, "वय झालं" म्हणून घरात कुणी लक्ष दिलेलं नसतं.

२. दिवसाला नेमकी किती प्रथिनं द्यायची? ग्रॅमचा हिशोब आम्हाला जमत नाही.

या काळात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० कॅलरी धरतात. म्हणजे ५० किलोच्या आजींना रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं आणि १,५०० कॅलरी. चहा-खारी, अर्धी पोळी, थोडा मऊ भात आणि वरचं वरणाचं पाणी, एवढ्यावर हा आकडा निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

घरच्या मापात सांगायचं तर: एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर (२०० मिली) दुधात ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणात किंवा उसळीत ७, मूठभर फुटाण्यांत किंवा शेंगदाण्याच्या कुटात ६ ते ७, १०० ग्रॅम माशात १८ ते २०. ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत तब्बल १५.

शाकाहारी घरात दिवसभरात तीन कप दूध, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, ५० ग्रॅम पनीर, वाटीभर दही, मूठभर कूट आणि तीन लहान पोळ्या एवढं पोटात गेलं, तर ६० ग्रॅम सहज होतात. हे सगळं दोन जेवणांत कोंबू नका, पाच-सहा वेळांत वाटून द्या. सकाळच्या चहाबरोबर बिस्किट देण्याऐवजी दुधातली नाचणीची आंबील किंवा अंडं दिलं, तरी दिवसाची सुरुवात बदलते.

३. उद्या ऑपरेशन आहे. रात्री दहापासून पाणीही बंद केलंय. एवढं उपाशी ठेवणं गरजेचं आहे का?

सर्वसाधारण नियम असा आहे: हलकं जेवण भूल देण्याच्या ६ तास आधीपर्यंत, तळलेलं आणि जड जेवण ८ तास आधीपर्यंत, आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखे निवळ द्रव २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा द्रव दिसला तरी तो खाण्यातच मोडतो, त्याला ६ तास. ज्यांचं पोट सावकाश रिकामं होतं, उदाहरणार्थ खूप वर्षांचा मधुमेह असलेले काही रुग्ण, त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील आणि त्यांचाच शब्द शेवटचा.

खरा घात होतो तो ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा. माझ्या आत्याची पाळी लागोपाठ दोन दिवस हुकली. दोन्ही दिवशी ती संध्याकाळपर्यंत उपाशी होती, आणि "आज होणार नाही" हे वॉर्डात कळेपर्यंत जेवणाची गाडी निघून गेलेली होती. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही मोठ्या रुग्णालयात होऊ शकतं. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते: सकाळीच विचारा, "यादीत कितवा नंबर आहे? पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" आणि रद्द झाल्याचं कळताच पुढचा प्रश्न, "आता लगेच जेवायला देऊ ना?"

४. सलाइन चालू आहे. त्यातून ताकद मिळतेच ना?

नाही. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर बाटलीत ५० ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी, आणि प्रथिनं अजिबात नाहीत. सलाइन पाणी आणि क्षार देते. जेवणाचं काम ती करू शकत नाही.

५. ऑपरेशननंतर गॅस सरेपर्यंत खायला द्यायचं नाही, असं शेजारी म्हणतात.

तो नियम पोटाच्या ऑपरेशनांवरून आला आहे, आणि तिथेही आता तो पूर्वीसारखा पाळत नाहीत. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये आतड्यांना हात लागत नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आला, नीट बसवता आला, घोटभर पाणी ठसका न लागता प्यायला आणि डॉक्टरांनी होकार दिला, की त्याच दिवशी खाणं सुरू करता येतं. मळमळ असेल तर ती सांगा, त्यावर औषध असतं. मळमळीच्या नावाखाली दोन दिवस कोरे जाऊ देऊ नका.

६. सगळं समोर ठेवतो, पण आई दोन घासांच्या पुढे खातच नाही. काय करू?

या पानावरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

वेल्समधल्या कार्डिफ इथे खुब्याचं हाड मोडलेल्या ३०२ वृद्ध स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला वॉर्डातली नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्याबरोबर जेवणासाठी वेगळा मदतनीस मिळाला: आवडनिवड विचारणारा, ताट हाताशी सरकवणारा, गरज पडली तर भरवणारा. पहिल्या गटात वॉर्डातच दगावणाऱ्यांचं प्रमाण १०.१ टक्के होतं, दुसऱ्यात ४.१ टक्के. पावडर कुठली, टॉनिक कुठलं, हे मला दिवसातून दहा वेळा विचारलं जातं. आईजवळ जेवायच्या वेळी कोण बसणार आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

जवळ बसलं की कारणं दिसायला लागतात. कवळी घरी कपाटात राहिलेली असते. चष्मा नसतो, म्हणून ताटात काय आहे ते दिसत नाही. पाय दुखतो, म्हणून बसवत नाही. अशा वेळी वेदनाशामक गोळीची वेळ जेवणाआधी अर्धा तास येईल अशी सिस्टरांशी बोलून ठरवता येते. तीन दिवस पोट साफ झालेलं नसतं (प्रश्न १२). आणि एक कारण बायका कुणालाच सांगत नाहीत: बेडपॅन मागायची लाज वाटते, म्हणून त्या पाणी आणि जेवण दोन्ही मुद्दाम तोडतात. हे त्यांना हळूच, एकांतात विचारा. "आई, त्याची काळजी करू नकोस, मी आहे" एवढ्या एका वाक्यानं मी ताटं रिकामी झालेली पाहिली आहेत.

बाकी उपाय साधे आहेत. पाठ सरळ टेकवून बसवा. मोठं ताट नको, लहान वाटी द्या. आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भात. घासागणिक खाणं वाढवता येत नसेल तर तोच घास जड करा: वरणात चमचाभर तूप, खिमटात दूध पावडर, भाजीत कूट, शिऱ्यात अंडं किंवा दूध. आणि त्यांना जे आवडतं ते द्या. पिठलं मागत असतील तर पिठलं. बेसनात प्रथिनंच आहेत.

७. टाके आहेत. आंबट, डाळ, दही, भात, वांगं, यातलं काय बंद करायचं?

यातलं काहीच बंद करायची गरज नाही. आंबटानं टाके पिकत नाहीत आणि भातानं जखमेत पाणी होत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांतलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतं. डाळ वातूळ म्हणून आणि दही थंड म्हणून काढून टाकलं, की शाकाहारी माणसाच्या ताटातली बहुतेक प्रथिनंच निघून जातात. तुरीच्या डाळीनं पोट फुगत असेल तर मुगाची द्या, हिंग-जिरं घाला. एखादा पदार्थ त्या माणसाला पूर्वीपासूनच सोसत नसेल, तर तेवढाच टाळा.

जखम लाल होणं, त्यातून पू येणं, ताप येणं ही संसर्गाची लक्षणं आहेत. ती दिसली तर कालच्या जेवणात काय होतं हे शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

८. पायासूप, डिंकाचे लाडू, हळीव, हाडजोडी: यांनी हाड लवकर जुळतं का?

पायासूप गरम आणि चवदार असतं, तोंडाला चव येते, जरूर द्या. पण त्यातली प्रथिनं मुख्यतः जिलेटिनची असतात. स्नायू बांधायला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) त्यात नसतात. शिवाय निव्वळ पाणीदार सूप पोट भरतं आणि जेवण मागे राहतं. म्हणून सूप वाटीभर, आणि त्याबरोबर मटण किंवा अंडं.

डिंक हा मुख्यतः तंतुमय पदार्थ आहे. लाडूचा फायदा होतो तो तूप, खोबरं, खारीक आणि सुक्यामेव्यामुळे. कमी खाणाऱ्या माणसाला एका लाडवात भरपूर कॅलरी मिळतात, हे काही थोडं नाही. हळिवात लोह चांगलं असतं. तो दुधात भिजवून खिरीत द्या. हाडजोडीच्या गोळ्या किंवा काढा सुरू करायचा असेल, तर चालू औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना आधी विचारा. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर स्वतःच्या मनानं काहीही जोडू नये.

९. प्रोटीन पावडर घ्यावी का? कुठली?

ज्येष्ठांच्या पोषणाविषयीची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुब्याच्या ऑपरेशननंतर प्रत्येक वृद्ध रुग्णाला, तो खंगलेला असो वा नसो, तोंडावाटे घेण्याचं पूरक पोषक पेय द्यावं. अशा पेयांमुळे गुंतागुंत कमी होत असावी असं अभ्यास दाखवतात. मृत्यू टळतात असं मात्र त्यांतून ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून मी पावडर सुचवते, पण ती जेवणाच्या जागी देऊ नका. दोन जेवणांच्या मध्ये आणि रात्री झोपताना द्या.

डब्यावरचं नाव सोडा, मागची बाजू वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती? लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या माल्टच्या पेयांत साखर भरपूर आणि प्रथिनं थोडी असतात. परवडत नसेल तर कपभर दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर आणि थोडा शेंगदाण्याचा बारीक कूट मिसळा. किडनीचा आजार असेल तर डबा उघडण्याआधी प्रश्न १४.

१०. आजी माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. त्यात एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सोडत नाहीत.

शाकाहारानं काही अडत नाही, प्रश्न २ मधला हिशोब शाकाहारीच आहे. बी-१२ मात्र तपासून घ्या. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांत ते बऱ्याचदा कमी सापडतं, आणि त्यानं पायांत बधिरपणा येऊन तोलही जातो.

उपवासाबद्दल मी वाद घालत नाही. आजारपणात उपवासाला सूट असते, हे घरातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं तर त्या ऐकतात, माझं ऐकत नाहीत. तरीही करायचाच असेल, तर साबुदाण्यावर राहू देऊ नका, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. राजगिऱ्याची दुधातली लापशी, शेंगदाण्याची आमटी आणि भगर, दही, पनीर, दूध एवढं पोटात गेलं तर उपवासाचा दिवसही वाया जात नाही. निर्जळी मात्र या काळात अजिबात नको.

११. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, कधी?

दिवसाला साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिली दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असतं, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०. आहारातून जेवढं कमी पडेल तेवढं गोळीनं भरतात.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्याची उदाहरणं घडतात, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" असेल तर कॅलेंडरवर वाराला गोल करा. जास्त डोस म्हणजे जास्त फायदा हेही खरं नाही. वर्षातून एकदम ५ लाख युनिट दिलेल्या वृद्ध स्त्रियांच्या २०१० मधल्या अभ्यासात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं होतं.

कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकाच वेळी नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ज्यांना तेवढा वेळ बसताच येत नाही त्यांच्यासाठी ही गोळी योग्य नाही, वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन असतं. घरी जाताना हाडांच्या ठिसूळपणावर काही औषध सुरू केलं आहे का, हे नक्की विचारा. एक खुबा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका मोठा असतो.

१२. चार दिवस पोट साफ नाही. इसबगोल देऊ?

तीव्र वेदनाशामकं, लोहाच्या गोळ्या, कमी पाणी आणि अंथरूण, या चौघांमुळे हे होतं. पाणी पुरेसं पीत असतील तरच इसबगोल. कोरड्या आतड्यात तो आणखी अडकतो. पपई, भिजवलेल्या मनुका, कोमट पाणी, आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढं उभं राहणं यांचा उपयोग होतो. तीन दिवसांच्या वर गेलं तर सिस्टरांना सांगून औषध मागा. पोट फुगलं, उलटी झाली, तर घरचे उपाय थांबवून लगेच डॉक्टर.

१३. हिमोग्लोबिन ८.५ आहे. बीट आणि डाळिंबानं वाढेल?

लवकर नाही. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये बाहेर न दिसणारं रक्त स्नायूंत साठतं, त्यामुळे आकडा खाली येतो. रक्त चढवायचं की नाही हे डॉक्टर आकड्याबरोबर लक्षणं पाहून ठरवतात, आणि स्थिर रुग्णात बहुधा ८ च्या आसपासची मर्यादा धरतात. आहारातून लोह मिळतं ते मांस, मासे, हळीव, कडधान्यं, पालेभाज्या यांतून. वर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा.

१४. मधुमेह, किडनी, हृदय: यांच्यात हे सगळं कसं बसवायचं?

मधुमेहात साखर वाढेल या भीतीनं उपाशी ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. दूध, डाळ, अंडी चालू ठेवा, साखर-गूळ टाळा, औषधाचा डोस डॉक्टर जुळवतील. इन्सुलिन दिलं आणि जेवण राहिलं तर साखर खाली येते: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. मीटरवर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

किडनीच्या आजारात एरवी प्रथिनं कमी ठेवतात, पण ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत ती मर्यादा बऱ्याचदा सैल करावी लागते. डायलिसिसवर असलेल्यांना तर जास्तच प्रथिनं लागतात. म्हणून "किडनी आहे, डाळ बंद" असं परस्पर करू नका, नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) आकडा विचारा. पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळ्याचं पाणी बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो, त्यांनाही सांगून ठेवा.

हृदय कमकुवत असेल तर पाण्याचं माप डॉक्टर देतील, सूप आणि दूधही त्यातच मोजायचं. बिनमिठाचं जेवण मात्र स्वतःहून सुरू करू नका. ज्येष्ठांत सोडियम आधीच उतरतं, आणि बेचव ताट तसंच परत जातं.

१५. रक्त पातळ करायची औषधं आहेत. पालेभाज्या बंद?

फक्त वॉर्फरिन किंवा एसेनोकुमारॉल असेल तरच हा प्रश्न येतो. तेव्हाही पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात ठेवायची. पोटात टोचायची हेपारिनची इंजेक्शनं असतील तर पालेभाजीशी काही संबंध नाही.

१६. पाणी पिताना ठसका लागतो, आणि रात्री भलतंच काही बोलतात.

ठसका, घास तोंडात धरून ठेवणं, जेवल्यावर आवाज घोगरा होणं: हे दिसलं तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी मागा. आडवं झोपवून कधीही भरवू नका. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. गुंगीत असताना "थोडं तरी खा" म्हणून तोंडात घास कोंबू नका.

अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं हे ऑपरेशननंतर पुष्कळदा दिसतं. ते वेड नव्हे. पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणं, वेदना अशी कारणं शोधावी लागतात, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. चष्मा, कानाचं यंत्र, ओळखीचा चेहरा आणि वेळेवर जेवण यांचा मोठा आधार होतो.

१७. पडल्यावर आजोबा आठवडाभर घरीच होते, जवळजवळ काही खाल्लं नाही. आता भरपूर खायला घालू?

इथे उलट सावध राहा. पाच दिवसांपेक्षा जास्त जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्यानं उतरतं, आणि ते हृदयाला जोखमीचं असतं. डॉक्टरांना उपासाचे दिवस नेमके सांगा. ते रक्त तपासतात, बी-१ जीवनसत्त्व देतात आणि काही दिवसांत खाणं हळूहळू वाढवतात.

१८. अल्ब्युमिन कमी आलंय. रोज अंड्याचे आठ पांढरे द्यायला सांगितले.

अंडी चांगलीच, पण फक्त या आकड्यासाठी नकोत. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन. इजा, ऑपरेशन, संसर्ग यांत ते उतरतंच, माणूस नीट जेवत असला तरीही. दाह ओसरला की ते वर येतं. पोषण नीट चाललंय का हे वजन, ताट आणि हातातली ताकद यांवरून ओळखा. आणि पिवळं फेकू नका, कमी खाणाऱ्या माणसाला त्यातल्या कॅलरी हव्याच असतात.

१९. मी न्यू जर्सीत आहे, बाबा पुण्यात केअरटेकरबरोबर. त्या म्हणतात, "सगळं खातात." खरं कसं कळेल?

केअरटेकर खोटं बोलतात असं नाही, त्यांना काय मोजायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा, असे ताटाचे दोन फोटो पाठवायला सांगा. तीन दिवसांत चित्र स्पष्ट होतं. अर्ध्याहून जास्त ताट रोज परत जात असेल, तर आहारतज्ज्ञांना दाखवा. उभं राहता यायला लागलं की दर आठवड्याला त्याच वारी, त्याच काट्यावर वजन. जादा प्रथिनांचं खाणं निदान तीन महिने चालू राहू दे, फिजिओथेरपी चालू असेतो तर नक्कीच. आणि तुमच्या व्हिडिओ कॉलची वेळ बाबांच्या जेवणाची ठेवा. तुमच्याकडे सकाळ असेल, त्यांच्याकडे रात्रीचं पान वाढलेलं असेल. समोर कुणी असलं की ते चार घास जास्त खातील.